पडदे नसलेला बेस, मिरजेच्या हातून

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारच्या वेळी गेलात तर एक आवाज हमखास कानावर येतो. तंबोऱ्याची एकच तार कुणीतरी छेडतो, थांबतो, घोडीवर कानस फिरवतो आणि पुन्हा छेडतो. जव्हारी काढणे चालू असते. घोडीच्या पाठीला अगदी किंचित बाक द्यायचा, तार त्या बाकावर घासून जाईल एवढाच, म्हणजे सूर उमलतो आणि बराच वेळ हवेत राहतो. बाक जास्त झाला तर तार नुसती खरखरते, कमी झाला तर मुकी होते. हा फरक मापाच्या पट्टीवर दिसत नाही, तो कानालाच कळतो. शिकलगारांच्या घराण्यांनी तलवारींची कामे सोडून दीड-पावणेदोन शतकांपूर्वी तंतुवाद्यांत हात घातला, तेव्हापासून हा कान इथे पिढ्यानपिढ्या उतरत आला आहे.

आता बेस गिटारकडे वळू. पडदे असलेल्या बेसला जव्हारीशी काही देणेघेणे नाही, तिथे तार पडद्याला घासली तर तो दोषच. पण पडदे काढलेल्या, म्हणजे फ्रेटलेस बेसचा जो गाता, किंचित नाकातला ‘म्वाँ’ असा स्वर असतो, तो येतो कुठून? बोटाच्या लगेच पुढे तार पट्टीला, म्हणजे दांडीच्या वरच्या बोटे फिरतात त्या फळीला, फार उथळ कोनात भिडते आणि घासत सुटते. म्हणजे जव्हारीच, फक्त घोडीवर नाही तर पट्टीच्या अख्ख्या लांबीवर पसरलेली. सांगली-मिरजेच्या माणसाला बेस बनवून घ्यायचाच असेल तर पडद्यांचा कशाला घ्यावा? तो दुकानात तयार मिळतो आणि सहसा चांगलाच मिळतो. इथल्या हाताला जे खरोखर येते ते पडदे नसलेल्या बेसमध्ये कामी येते.

नमुना म्हणून समोर ठेवायला एकच वाद्य पुरेसे आहे. फेंडर कंपनीने १९६० मध्ये जॅझ बेस बाजारात आणला. त्याच घडणीचा १९६२ चा एक बेस अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस वाजवायचा. पडदे काढलेले, खाचा बुजवलेल्या आणि पट्टीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा कडक थर. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो बेस चोरीला गेला, पुढच्या वर्षी पास्टोरियस गेला, आणि बेस पुढे कित्येक वर्षांनी सापडला. पण नक्कल करताना या कहाणीच्या नादी लागून चालत नाही. घासलेला रंग, उडालेले टवके, बुजवलेल्या खाचांच्या रेघा हे सगळे त्या वाद्याच्या अंगावरचे व्रण आहेत. नव्या लाकडावर ते मुद्दाम काढून घेणे म्हणजे नव्या तंबोऱ्याला जुना दिसावा म्हणून धूर दाखवण्यासारखे.

घ्यायच्या गोष्टी तीन. मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी. पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी गुंडाळ्यांच्या, जागा. आणि कडक पट्टी. एक चौथी सवयीसाठी धरा: नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, दांडीची रुंदी ३८ मिमी. जॅझ बेसची दांडी इथे निमुळती असते, आणि मींड घेताना हात अडखळत नाही तो त्यामुळेच.

पिकअपच्या जागेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. साठच्या दशकातल्या जॅझ बेसमध्ये दोन पिकअपच्या मध्यांतले अंतर ३.६ इंच, म्हणजे साधारण ९१ मिमी. सत्तरच्या दशकात मागचा पिकअप घोडीकडे सरकला आणि हे अंतर ४ इंच, म्हणजे १०२ मिमीच्या घरात गेले. एक सेंटिमीटरचा हा फरक कानाला स्पष्ट कळतो. मागे सरकलेला पिकअप जास्त टोकदार आणि कोरडा बोलतो. पास्टोरियसचा आवाज प्रामुख्याने मागच्या पिकअपचा, आणि त्याचा बेस १९६२ चा. तेव्हा ९१ हा आकडा कागदावर लिहून द्या, ‘जॅझ बेससारखे’ एवढे म्हणून सोडू नका. इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा कुठल्या दशकाचा आहे हे त्याच्या नावावरून कळतेच असे नाही. शिवाय दोन्ही पिकअप एका लांबीचे नसतात. पुढचा सुमारे ९२ मिमी आणि मागचा ९५. एकाच साच्याने दोन्ही खाचा पाडल्या की एक ढिली होते नाहीतर दुसरी बसतच नाही.

नकाशा छापतानाही एक फसगत ठरलेली. घरच्या प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात ‘पानात बसव’ हा पर्याय चालू राहतो आणि सगळे दोन-तीन टक्क्यांनी आकसते. नकाशावर आधी १०० मिमीची एक सरळ रेघ काढून ठेवा, आणि छापून आल्यावर पहिल्यांदा तीच मोजा. लांब नकाशा सलग हवा म्हणून काहीजण फ्लेक्सवाल्याकडे जातात. फ्लेक्स ताणतो, त्यावर विसंबू नका. इंजिनिअरिंगची ड्रॉइंगे छापणाऱ्याकडे कागदावर काढून घ्या. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, १२ मिमी एमडीएफचे साचे कापून देणारा मिळाला तर उत्तमच. एकदा साचा बिनचूक झाला की बेअरिंगच्या राउटर बिटाने लाकूड त्याच्याबरहुकूम उतरते. धातूकाम करणाऱ्या मशीनवर थेट लाकूड चढवायला कारखानदार नाखूश असतात, भुसा कूलंटमध्ये जातो. त्यांची तक्रार खरी आहे.

लाकडाचे ठरवताना मिरजेची सवय अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी आडवी येते. तून हे इथले ओळखीचे लाकूड: लालसर, हलके, रंध्याखाली गुणी. बेसच्या अंगाला ते छान चालते, मूळ जॅझ बेसच्या ऑल्डर लाकडाच्या वजनाच्या आसपासच बसते. ४४ मिमी जाडीचे अंग, दोन फळ्या मधोमध जोडून. सागवानाचे अंग करू नका. दिसते देखणे, पण सगळा बेस साडेचार किलोच्या वर जातो आणि तासाभराच्या कार्यक्रमात खांदा बोलू लागतो. चार किलोच्या आसपास हे लक्ष्य बरे.

दांडीला मात्र तून नको म्हणजे नकोच. तंबोऱ्याची दांडी रुंद आणि भरीव दिसते, पण तिच्यावरचा ताण बेसच्या मानाने किरकोळ. बेसच्या चार तारा मिळून सुमारे ८० किलोंनी ओढतात, आणि ज्या लाकडावर ओढतात त्याची जाडी नटपाशी जेमतेम २१ मिमी. तून तिथे वर्षभरात धनुष्य होईल. मूळ दांडी मेपलची. मेपल नाही मिळाले तर सागवानाच्या तीन पट्ट्या आणि मध्ये शिसवीच्या दोन बारीक पट्ट्या अशी पाचपदरी दांडी करावी. पट्ट्यांच्या टोकाला पाहिले तर वर्षवलये उभी दिसली पाहिजेत, आडवी नाहीत. सागवान आणि शिसवी दोन्ही तेलकट. जोडणीचा पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून पाच-दहा मिनिटांत गोंद लावला नाही तर तेल पुन्हा वर येते आणि जोड वर्ष-दोन वर्षांनी उन्हाळ्यात सुटतो. तेव्हा लोक गोंदाला शिव्या घालतात.

शिसवी बिलानिशी घ्या. सह्याद्रीतली शिसवी जगभरचे गिटारवाले पट्टीसाठी वापरतात, आणि म्हणूनच तिच्या व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय बंधने आहेत. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, तरी वखारीची पावती जवळ असलेली बरी. आणखी एक विचारायला लाजू नका: हे लाकूड २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभे होते का? कृष्णेने सांगलीतल्या पुष्कळ तळमजल्यांना हात लावला होता. पुरात भिजून वाळलेली फळी वरून ठणठणीत दिसते आणि चिरल्यावर पिळते.

दांडीच्या पोटात जाणारा ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक आवरणारी सळई, आधी हातात यावा, मगच खाच पाडावी. दोन्ही बाजूंनी फिरणारा घ्या, साधारण ६०० मिमी लांबीचा. नकाशावर खाच ६ मिमी रुंद असते आणि आलेल्या रॉडची नळी साडेसहाची निघते, हे इतक्या वेळा घडते की तो नियमच मानावा. पिकअप, घोडी, खुंट्या यांनाही हेच लागू. माल टेबलावर आल्याशिवाय कारागिराला राउटर हातात घेऊ देऊ नका, तो कितीही घाई करो.

खुंट्यांचा भाग, म्हणजे डोके, मागे कललेले करायचा मोह मिरजेच्या कारागिराला होऊ शकतो. सरळच ठेवा. कललेले डोके पडले की मानेत मोडते. सरळ डोक्याची खोड वेगळी: तार नटवर पुरेशी दाबत नाही, सुटी तार किणकिणते. म्हणून खुंटीवर तारेचे अडीच-तीन वेढे खाली उतरत गेले पाहिजेत, आणि पातळ तारांना दाबून धरणारी चकती लागते. डोक्याचा आकार मात्र स्वतःचा काढा. अमेरिकेत बेसच्या अंगाच्या आकारावर फेंडरला २००९ मध्ये ट्रेडमार्क नाकारला गेला, पण डोक्याचा आकार त्यांचा नोंदलेला आहे. आणि त्यांचे नाव चिकटवणे ही तर सरळ फसवणूक. तसेच २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून बेसवर ते मिरवता येत नाही, हेही जाता जाता.

दांडी अंगात बसते त्या खाचेची खोली १६ मिमी. रुंदी किती असावी याची परीक्षा सोपी आहे. स्क्रू न लावता दांडी खाचेत दाबा आणि दांडी धरून सगळे वाद्य उचला. अंग लोंबकळत वर आले पाहिजे. पडले तर खाच ढिली. ठोकून बसवावी लागली तर रंग चढल्यावर कड फुटणार. घोडीची जागा ठरवताना मोजपट्टीपेक्षा दोरा खरा. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून शिवणकामाचे दोन दोरे घोडीच्या बाहेरच्या सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंत, ताणायचे आणि दोन्ही दोरे पट्टीच्या कडांपासून शेवटपर्यंत सारख्या अंतरावर जातात का ते पाहायचे. एका बाजूला ४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला दीड राहिले तर पातळ तार वाजवताना पट्टीवरून घसरते. दोरा बरोबर आला की मगच भोके. आणि ८६४ मिमी हे अंतर सॅडलच्या माथ्यापर्यंत धरायचे, घोडीच्या पत्र्याच्या कडेपर्यंत नाही. पातळ तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना हे माप जुळले पाहिजे, जाड तारेला मागे सरकायला चार-पाच मिलिमीटर लागतात.

पडदे नसले तरी पडद्यांच्या जागांचे गणित चुकत नाही. उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची. पहिली जागा नटपासून ४८.५ मिमीवर येते, पाचवी २१६.६ वर, सातवी २८७.२ वर, बारावी बरोबर मध्यावर ४३१.८ ला. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला, चुकला तर सरकवता येतो. इथे खूण एकदाच. आणि खुणेची जागा हीच मोठी चूक. पडद्यांच्या गिटारवर कडेचे ठिपके दोन पडद्यांच्या मध्ये असतात, कारण बोट पडद्याच्या मागे पडते. फ्रेटलेसवर बोट नेमके पडद्याच्या जागेवरच पडते, म्हणून ठिपकाही तिथेच हवा. कारागिराने जवळची गिटार पाहून ठिपके मध्ये घातले तर वाजवणारा आयुष्यभर उतरलेले सूर लावत राहील आणि दोष स्वतःच्या कानाला देईल.

आता इपॉक्सी. या वाद्याचा जीव इथे आहे, आणि घोळही इथेच.

शिसवी कडक असली तरी गोल वेटोळ्यांच्या तारा तिला कानशीसारख्या खातात. मिरजेचे स्पिरिट पॉलिश, लाखेचे, दिसायला अप्रतिम, पण पट्टीवर ते काही आठवड्यांत निघून जाते. म्हणून इपॉक्सी. आधी पट्टीला सुमारे २४० मिमी त्रिज्येची गोलाई द्या, १८० च्या पेपरने घासा, अॅसिटोनने पुसा. पहिला हात अगदी पातळ, नुसता लाकडाची छिद्रे बुजवण्यापुरता. तो वगळला तर पुढच्या जाड थरातून लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि तशीच गोठते. मग कडांना टेपचा बांध घालून तीन-चार थर. इपॉक्सी द्रव आहे, गोल पाठीवर ती मधून ओघळून कडांकडे जमते. त्यामुळे थर मोजायचा तो मध्यावर. घासून झाल्यावर मध्ये किमान १ मिमी उरली पाहिजे.

मिश्रण वजनावर करा, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवला तर ती सुकत नाही, चिकटच राहते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि खोल वाटीत ठेवू नका. ती वाटीतच तापते, धूर येतो, दगड होते. उलट पावसाळ्यात दमट हवेने वर तेलकट पांढुरकी साय धरते, पुढचा थर तिच्यावर धरत नाही. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी लागते, पेपरने घासली तर नुसती पसरते. सगळ्या कामाचे वेळापत्रक या हवेवरच बेतलेले बरे: दिवाळीनंतर लाकूड, जानेवारीत दांडीची जोडणी, महिनाभर तिला नुसते पडू द्यायचे, मार्चमध्ये इपॉक्सी, आणि मृगाच्या आत रंग.

आठवडाभर कडक झाल्यावर घासणी. ट्रस रॉड सैल, दांडी लोखंडी पट्टीखाली सरळ. पट्टीभर पेन्सिलीच्या तिरक्या रेघा मारायच्या आणि त्रिज्येच्या ठोकळ्याला पेपर चिकटवून लांबच लांब हात फिरवायचे. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या तर पृष्ठभाग सपाट. सातव्या जागेजवळ शिसपेन्सिलीचा करडा डाग उरला तर तिथे खड्डा आहे, आणि त्या खड्ड्यावर पाचवा सूर उमलेल पण सहावा मुका राहील. डाग उरला म्हणून तेवढ्याच जागी घासायचे नसते, बाकी सगळे त्याच्या पातळीला आणायचे असते. १८०, ३२०, ६००, मग पाण्याने १००० आणि २०००.

जव्हारी काढणाऱ्याच्या हाताची खरी परीक्षा इथे होते. त्याची बोटे बाक द्यायला शिकलेली. इथे बाक द्यायचा नाही. पट्टी सरळ करायची, आणि तारांच्या ओढीने जो १–२ दशांश मिलिमीटर झोल येतो तेवढाच ठेवायचा. ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा, आणि लोखंडी पट्टी स्वतः घेऊन जा. पण एकदा तारा चढल्या की लोखंडी पट्टी बाजूला ठेवून त्याच्या कानावर सोपवा. कुठला सूर बसका, कुठे खर जास्त, हे त्याला तुमच्या आधी ऐकू येईल.

नट इपॉक्सीनंतरच बसवायचा, नाहीतर त्याची उंची खोटी ठरते. नटपाशी तारेखाली एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, बाराव्या जागेवर जाड तारेखाली २ मिमी. इपॉक्सीचा थर आणखी एका कामी येतो. पडद्याची उंची साधारण १ मिमी, ती इथे नाही. थर न देता मूळ मापे जशीच्या तशी घेतली तर तारा पट्टीपासून उंच राहतात आणि सॅडल खाली करता करता तळाला टेकतात. मग खाचेत पत्र्याचे तुकडे घालत बसावे लागते.

विजेची कामे थोडक्यात. २५० किलोओहमचे तीन पॉट (बटणांखालचे फिरते रोधक), ०.०४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, दोन आवाजाचे आणि एक टोनचे बटण. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळीचे आणि उलट चुंबकाचे घ्या. दोन्ही पूर्ण उघडे असताना गुणगुण कापली जाते. पण पास्टोरियसच्या आवाजासाठी मागचा एकटा उघडला की ती परत येते, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेवरचा तिसऱ्या जागेचा जी सूर ४९ हर्ट्झचा, सुटी पातळ तार ९८ ची. म्हणजे गुणगुण आणि तिची दुप्पट दोन्ही नेमक्या सुरांना खेटून बसतात आणि मांडवातल्या जनरेटरवर, अर्थिंग नसलेल्या बोर्डावर ठोके ऐकू येतात. खाचांना आतून तांब्याची फॉइल लावा, सगळे तुकडे एकमेकांना डाख द्या, आणि घोडीखालून पॉटच्या खाचेत जाणारी अर्थची तार विसरू नका. तिचे भोक रंगाआधी पाडायचे असते.

अंगाला स्पिरिट पॉलिश हवेच असेल तर हात टेकतो त्या कडेला घामाने ते पांढरे पडणार हे गृहीत धरा. पातळ मॅट पीयू (पॉलियुरेथेन) जास्त टिकते.

तारा ४५ ते १०५ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्या. गायकाच्या काळी एकसाठी सर्वांत जाड तार ई वरून सी शार्पपर्यंत उतरवायची असेल तर तिचा ताण सुमारे तीन-दशांशाने कमी होतो, ती लोंबते आणि पट्टीवर नुसती आपटते. त्या कामासाठी ११० ची तार, आणि नटची खाच त्या जाडीला आधीच कापून घ्यावी.

पैसे तीन टप्प्यांत: लाकूड आणल्यावर, दांडी-अंग जुळल्यावर, आणि शेवटचा हप्ता तारा चढून दोन आठवडे झाल्यावर. दांडी पहिल्या काही दिवसांत ताणाला सरावते आणि थोडी वाकते. ट्रस रॉडला पाव वेढा, रात्रभर थांबणे, पुन्हा बघणे. पहिला पाऊस पडला की परत एकदा.